दारू सुटली, पोट का उतरत नाही?

मद्यत्यागाचा विषय जैन घरांत सहसा उंबरठ्याच्या आतच राहतो. सप्त व्यसनांत मद्याची गणना आहे आणि श्रावकाच्या मूलगुणांत मद्य, मांस व मधु यांचा त्याग आरंभीच सांगितला आहे. त्यामुळे ज्या घरात हे व्यसन शिरते, त्या घरात त्याची वाच्यता होत नाही. पुढे सुदैवाने ते सुटले, तर त्याचा आनंदही मोकळेपणाने कोणापुढे व्यक्त करता येत नाही. व्यसन आणि त्याग हे दोन्ही झाकलेले राहतात. उघड दिसते ते फक्त पोट. म्हणूनच दारू सुटल्यावर घरचे, शेजारचे आणि सोडणारा स्वतःही पोटाकडे पाहू लागतो. ते लवकर उतरले नाही की मनात शंका शिरते. ही शंका दिसते क्षुल्लक, परंतु एखाद्याचा मोठ्या कष्टाने साधलेला त्याग मोडण्याइतकी ती घातक ठरू शकते.

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाताना मुरबाड मागे पडले की पुढे टोकावडे लागते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा व्यापाराला नवा नाही. पुढे वैशाखऱ्याच्या बाजूला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांवरचा माल याच घाटाने जुन्नरकडे चढत असे, आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर उभा आहे. आता माल ट्रकांतून जातो. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी माळशेजकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते आणि रस्त्याकडेचे ढाबे रात्री उशिरापर्यंत जागे असतात.

अशा रस्त्यावर दुकान असलेल्या पन्नाशीच्या एखाद्या व्यापाऱ्याचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. त्याला नाव देण्याचे कारण नाही, कारण टोकावड्याप्रमाणेच शहापूर, मुरबाड, कल्याण किंवा भिवंडी येथील कोणत्याही पेढीवर तो भेटू शकेल. सकाळी आठला दुकान उघडते, रात्री नऊला बंद होते. दिवसभर गादीवर बैठक. दुकान वाढवल्यावर मालाचे व्यवहार ठरविण्याच्या निमित्ताने ढाब्यावरची संगत, प्रथम महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग रोज. काही वर्षांनी घरच्यांच्या अश्रूंनी म्हणा, डॉक्टरांच्या इशाऱ्याने म्हणा, चातुर्मासाच्या आरंभी त्याने दारू सोडली. दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत चार महिने सरले. तोंडावरची सूज गेली, सकाळची चिडचिड गेली, गल्ल्याचा हिशेब रोजच्या रोज लागू लागला. पोट मात्र जवळजवळ तेवढेच. मग बाजारात कुजबुज सुरू होते : "सोडली म्हणतात, मग पोट कसे तेवढेच?" ही कुजबुज घरापर्यंत पोहोचते, आणि एके रात्री घरातलेच कोणी तरी त्याच्या श्वासाचा वास घेऊन पाहते. चार महिने ज्याने संध्याकाळ आवरून धरली, त्याच्यासाठी तो क्षण किती जड असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

या कुजबुजीला उत्तर देण्यासाठी पोटाचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. व्यापारी घरांना हिशेब समजावून सांगावा लागत नाही. फक्त नोंदी बरोबर हव्यात.

एक ग्रॅम मद्यार्कातून शरीराला सुमारे ७ कॅलरी मिळतात. धान्य किंवा साखर यांच्या एका ग्रॅममधून ४ आणि तेल-तुपाच्या एका ग्रॅममधून ९ मिळतात, हे पाहता मद्य तुपाच्या जवळचे आहे. आपल्याकडील व्हिस्की, रम इत्यादींत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ज्याला बोलीत क्वार्टर म्हणतात, त्या १८० मिलिलिटरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क येतो, म्हणजे ४२० च्या आसपास कॅलरी. त्यासोबत शंभर ग्रॅम फरसाण किंवा खारे शेंगदाणे गेले, तर आणखी पाचशेहून अधिक. त्यानंतर रात्री उशिराचे जेवण वेगळेच. पोट केवळ बिअरने सुटते, ही समजूत त्यामुळे खरी नाही. कोणत्याही मद्याने सुटते.

दुसरी नोंद यकृताची. मद्य शरीरात साठवून ठेवता येत नाही. यकृताला ते प्रथम निकालात काढावे लागते. तोवर चरबी जाळण्याचे नित्याचे काम मागे पडते, आणि जेवणातील स्निग्धांश तसाच साठत जातो : थोडा यकृतात, थोडा आतड्यांभोवती. घट्ट, पुढे आलेल्या पोटात त्वचेखालच्या चरबीबरोबर आतल्या अवयवांभोवतीची चरबी बरीच असते. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी अधिक जवळचे नाते याच आतल्या चरबीचे आहे.

मग दारू थांबल्यावर हा साठा ओसरत का नाही? कागदावरचा हिशेब सरळ आहे. रोजच्या ४२० कॅलरी वाचल्या, तर महिन्याला बारा हजारांहून अधिक वाचतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे महिन्याकाठी दीड किलो वजन उतरायला हवे. प्रत्यक्षात तसे फार क्वचित घडते, कारण जमेची एक बाजू बंद झाली की दुसरी उघडते.

दारू सोडणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत गोड खाण्याची तीव्र इच्छा होते. मेंदूला रोज ठराविक वेळी मिळणारे सुख बंद झालेले असते आणि साखर ती उणीव थोडीफार भरून काढते. जैन घरात मांसाहार नाही, कंदमुळे नाहीत, तरी गोड आणि तळलेले यांची कमतरता मुळीच नाही. गाठिया, फाफडा, शेव, चिवडा यांचे डबे भरलेले; मिठाईचा खोका आलेल्या-गेलेल्यांसाठी उघडा; आणि दुकानावर दर तासाला चहा. दोन चमचे साखरेचे सहा कप चहा म्हणजे ६० ग्रॅम साखर, २४० कॅलरी. त्यावर दोन मुठी फरसाण खाल्ले की क्वार्टरच्या बचतीतला बहुतेक भाग खर्ची पडतो. शिवाय दारूमुळे मरगळलेली भूक परत येते, जठर सुधारते आणि जेवण चवीने होऊ लागते. ही सर्व बरे होण्याची लक्षणे आहेत; पोट मात्र त्यामुळे जागच्या जागी राहते.

यात भारतीय शरीराच्या घडणीचाही भाग आहे, आणि तो महाराष्ट्रातच फार चांगला अभ्यासला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा होता : २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वजनकाटा दोघांना एकाच मापाने तोलत होता, आतला माल मात्र वेगळा होता. हातपाय बारीक, वजन बेताचे आणि तरी पोटात चरबी, ही ठेवण आपल्याकडे पुष्कळ आढळते. म्हणून ज्या घरात कोणी थेंबभरही मद्य घेत नाही, तेथेही पोटे सुटलेली दिसतात. यावरून एक गोष्ट स्वच्छ होते : पोट हा दारू चालू असल्याचा पुरावा नव्हे, आणि सपाट पोट हा ती सुटल्याचा दाखलाही नव्हे.

उपायांकडे वळण्यापूर्वी दोन धोके सांगणे आवश्यक आहे. कारण या दोन्ही ठिकाणी संकोचाने जीव जाऊ शकतो.

पहिला धोका सोडण्याच्या क्षणाचा. जो अनेक वर्षे रोज आणि भरपूर पितो, त्याने घरी गुपचूप एकाएकी दारू बंद करणे सुरक्षित नाही. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत हात कापणे, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांत भास, गोंधळ, तीव्र ताप अशी अवस्था ओढवू शकते. योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन डॉक्टर हा काळ सुखरूप पार पाडतात. शपथ देवापुढे घ्यावी, पण ती अमलात आणताना डॉक्टर जवळ असावा. घराची अब्रू राखण्यासाठी रुग्णाला खोलीत कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे.

दुसरा धोका पोटाच्या अर्थाचा. सर्वच मोठी पोटे चरबीची नसतात. यकृत पार खराब होऊन त्यात व्रण पडले, तर पोटात पाणी साठते. त्यास जलोदर म्हणतात. अशा वेळी पोट फुगत जाते आणि हातपाय व खांदे मात्र वाळत जातात, पायांवर सूज येते, डोळे पिवळे दिसतात, थकवा वाढतो, कधी काळी शौचास होते किंवा रक्ताची उलटी होते. दारू सोडल्यानंतरही पोट थोड्याच आठवड्यांत वाढत असेल, तर ते चरबीचे समजून आहार तोडणे अत्यंत अनिष्ट आहे. पोटाची सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्ततपासण्या यांतून दोहोंतला भेद लवकर स्पष्ट होतो. तो होईपर्यंत पोट उतरविण्याचा कोणताही उपाय स्वतःच्या मनाने करू नये.

जेथे केवळ चरबीचा प्रश्न आहे, तेथे बातमी आशेची आहे. यकृतात साठलेली साधी चरबी मद्य पूर्ण थांबल्यावर काही आठवड्यांतच कमी होऊ लागते. वजनात पाच टक्के घट झाली, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे ४ किलो उतरले, तरी यकृताला त्याचा लाभ मिळतो. बाहेरून पोट फारसे बदललेले दिसत नसतानाही आत सुधारणा चालू असते. ती पाहायची तर आरसा उपयोगाचा नाही. शिंप्याची टेप उपयोगाची आहे. उभे राहून, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. माप महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी पोट रिकामे असताना घ्यावे आणि लिहून ठेवावे. महिन्याला एखाददुसरा सेंटीमीटर कमी झाला, तरी तो चांगला उतार समजावा. रोज मोजणाऱ्याच्या पदरी केवळ निराशा येते.

उपायांत पहिला क्रम स्वयंपाकघराचा. घरातील एका माणसासाठी वेगळे पथ्याचे ताट वाढण्यापेक्षा सर्वांचेच ताट थोडे बदलणे हिताचे. मूग, मटकी, तूर, हरभरा अशी डाळी-कडधान्ये प्रत्येक जेवणात भरपूर असावीत. त्यांनी पोट भरलेले राहते आणि दारूने झिजलेले स्नायू भरून येण्यास मदत होते. चार पोळ्यांच्या तीन, भाताची मूद लहान, भाजी आणि कोशिंबीर अधिक. मुरबाड-शहापूरचा हा पट्टा भातशेतीचा आहे. येथे भात बंद करा म्हणणे निरर्थक, प्रमाण मोजून वाढणे शक्य. फरसाणाचा डबा दुकानाच्या गल्ल्याजवळून उचलून घरी उंच फळीवर ठेवावा. त्याच्या जागी भाजलेले चणे किंवा कुरमुरे असावेत. चहातली साखर एकदम न तोडता दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावी. दारू सोडल्यावरचे पहिले एक-दोन महिने थोडे गोड चालले, तरी त्याबद्दल फार कटकट करू नये. त्या काळात दारू न घेणे हेच मुख्य कार्य आहे. पोटाचा विचार त्यानंतर.

दुसरा क्रम वेळेचा. दारूची एक वेळ ठरलेली असते : दुकान बंद केल्यापासून झोपेपर्यंतचे दोन तास. व्यसन सुटले तरी ती वेळ राहते, आणि रिकामी वेळ काही तरी मागते. येथे परंपरेतली एक सवय कामी येते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून चोविहार करणाऱ्याला रात्रीचा पेलाही नाही आणि रात्रीचा चिवडाही नाही. शरीराला झोपेपूर्वी पुरेशी विश्रांती मिळते. दुकानामुळे घरी जाणे होत नसेल, तर सहाच्या सुमारास डबा दुकानावर यावा. ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी जेवणे, याची गणना शास्त्रांनी तपात केली आहे. पोट उतरविण्यासाठी तीत काही भर घालण्याची गरज नाही. उरलेले दोन तास मात्र सामायिक, स्वाध्याय, मुलांचा अभ्यास किंवा दिवसाचा हिशेब अशा कशाने तरी भरले पाहिजेत.

मात्र दीर्घ उपवासांबाबत विवेक हवा. पोट लवकर उतरावे म्हणून दारू सोडल्याबरोबर अठ्ठाईसारखे तप हाती घेणे योग्य नाही. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर उपवासात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. यकृतात व्रण पडलेल्या रुग्णाला तर फार वेळ उपाशी राहिल्याने स्नायूंची झीज होते. अशांना डॉक्टर रात्रीही थोडे खाण्यास सांगतात. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घेऊन गुरुमहाराजांपुढे परिस्थिती निवेदन करावी. शरीराच्या शक्तीनुसार पच्चक्खाण घ्यावे, हेच परंपरेला मान्य आहे. प्रकृती ठीक असलेल्यास बियासणे किंवा अधूनमधून आयंबिल मानवते, पण पारण्याच्या दिवशी सारी वसुली करून घेतली, तर शरीराच्या वहीत बचत शून्यच राहते.

तिसरा क्रम चालण्याचा. पोटाचे व्यायाम केल्याने केवळ पोटाचीच चरबी जाते, हा समज चुकीचा आहे. चरबी सर्व शरीरातून मिळून उतरते. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आहे. महामार्गाच्या कडेने चालण्याऐवजी दुकान उघडण्यापूर्वी गावातल्या आतल्या रस्त्याने चालावे. दिवसा दर तासाला गादीवरून उठून माल स्वतः काढून द्यावा. नोकराला हाक मारण्याची सवय थोडी कमी करावी. वजन उचलण्याचे हलके व्यायाम आठवड्यातून दोनदा केल्यास स्नायू टिकतात.

आता राहिला तो सर्वांत कठीण भाग : कुटुंबाने कसे वागावे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास मोठे साहाय्य केले. व्यसन हा आजार आहे, तो एकट्या माणसाचा नसून घराचाही आहे, म्हणून उपचारात घरच्यांना सामील करून घेतले पाहिजे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली चळवळ नाव गुप्त ठेवूनच चालते आणि भारतातही तिच्या सभा भरतात. रुग्णांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. ज्या समाजात या विषयाची वाच्यता होत नाही, त्याला ही गुप्तता उपकारक वाटावी.

घरच्यांनी विश्वास कशावर ठेवावा, हा प्रश्न योग्य आहे. फसवणूक ज्यांनी सोसली त्यांना तो विचारण्याचा अधिकारही आहे. पण उत्तर पोटात शोधू नये. झोप सुधारली का, सकाळी हात स्थिर आहेत का, बोललेली वेळ पाळली जाते का, गल्ल्यातील रक्कम जुळते का, जुनी संगत सुटली का, ही खरी प्रमाणे आहेत. शंका असेल, तर ती चारचौघांत टोमण्याने न मांडता एकांतात सरळ विचारावी. पाय पुन्हा घसरलाच, तर तो आजाराचा भाग समजून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. उलट बाजूनेही एक सावधगिरी हवी : घेर कमी झाला, तपासण्या चांगल्या आल्या, आता एखादा पेला चालेल, हा विचार जुन्या व्यसनीच्या मनात हटकून येतो. सुधारलेल्या शरीराचा तो सर्वांत वाईट उपयोग होय.

पोट वर्षानुवर्षे साठलेले असते; ते उतरण्यास वर्ष-दीड वर्ष लागले, तर त्यात वावगे काही नाही. त्या वर्षात माणूस रोज संध्याकाळी शुद्धीवर घरी येतो, ही मिळकत पहिल्या दिवसापासून सुरू झालेली असते. ज्या घरांना अद्याप कोणाशी बोलण्याचा धीर झालेला नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हे दोन क्रमांक घरात लिहून ठेवावेत.